बैल काऊन थांबले

२७ जानेवारी १९९९, बुधवार

आज चंद्रपूरहून धनराजले घरी आणलं. जीपच्या मागच्या शिटा काढल्या, गादी टाकली अन् चौघांनी उचलून लाकडासारखं ठेवलं. डॉक्टर म्हणाला, मणका मोडला, कंबरेखालचं परत येत नाई, घरी सेवा करा. नवरा त्रेचाळीस वर्षांचा आहे. किती वर्षं सेवा करा ते सांगितलं नाई.

ही वही दिव्यानीची. माझी पोरगी नववीत आहे. मागची पानं कोरी होती, मी घेतली. मी चौथी शिकली. अक्षर वाकडं आहे, पण मले वाचता येते. दुसऱ्यासाठी नाई लिहीत. पयले सांजच्याले शेजारच्या बुधरीबाईच्या ओट्यावर बसून बोलत होती, डोकं हलकं होत होतं. आता त्या ओट्यावर पाय ठेवणार नाई. म्हणून वही.

झालं ते असं. सतरा तारखेले आमच्या गावचा शंकरपट होता, बैलजोड्याइची शर्यत. मोऱ्या अन् पाखऱ्या ही जोडी माझ्या भासऱ्याची, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाची, लटारूभाऊची. पण छकडीवर धुरकरी म्हणून नेहमी धाकटा भाऊच बसते, म्हणजे माझा नवरा. चार गावांत त्याच्यासारखा बैल हाकणारा नाई. दिवाळीपासून रोज सांजच्याले मीच दोन्ही बैलाईले हातानं सरकीची ढेप चारली, म्हणून ते एवढे चकचकीत झाले. पटाच्या दिवशी ढेपेचं टोपलं घेऊन मी शेवटच्या झेंडीपाशी उभी होती. बाजूले बुधरीबाई. जोडी अशी आली का धुराळाच दिसे. अन् झेंडीच्या अलीकडंच दोन्ही बैल गपकन थांबले. जशी भिंत लागली. धनराज उडाला. बैलाच्या शिंगावरून पुढं गेला अन् धानाच्या बांधावर कंबर आदळली.

त्याले कोणी हात लावला नाई. बैल थांबले, छकडी थांबली, मंग माणूसही थांबाले पायजे. तो काऊन उडाला? त्याले पुढं कोणं ओढलं?

अन् बैल थांबाच्या आधी बुधरी म्हणाली होती, "बैल थांबतीन." मी माझ्या कानानं ऐकलं. तिले आधीच कसं माहीत?

३१ जानेवारी, रविवार

आज मारुतीच्या पारावर बैठक झाली. पंधरा वर्षांत मी लटारूभाऊसमोर तोंड उघडलं नव्हतं. आमच्यात भासऱ्यासमोर सून बोलत नाई, पदर घेऊन दाराआड राह्यते. आज तोच म्हणाला, "सांग, साऱ्याइसमोर सांग."

मी सांगितलं. बैल थांबाच्या आधी बुधरी म्हणाली, बैल थांबतीन.

दसरू पुजाऱ्यानं तांदूळ टाकून पाहिलं अन् करणी आहे म्हणून मान हलवली. मंग गलका झाला. बुधरी पारापाशी खाली बसली होती. पळाली नाई, रडली नाई. माझ्याकडं पाहून म्हणाली, "गुणा, पुरं सांग नं वो."

पुरं काय सांगू? जे सांगितलं ते खरंच सांगितलं.

तिचे पुढचे दोन दात पाडले. म्हणजे मंतर बोलता येत नाई म्हणतेत. मी पाहिलं नाई, मी घरी आली होती. पार आमच्या घरापासून हाकेवर आहे, आवाज आला. धनराज भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्याले सांगितलं, तं त्यानं पांघरूण तोंडावर ओढलं.

४ फेब्रुवारी, गुरुवार

बुधरी गेली. वैनगंगेपल्याड भाचीच्या गावाले गेली म्हणतेत. एक गाठोडं अन् एक कोंबडी. लटारूभाऊनं तिच्या आवारात आपली तनस, धानाचा पेंढा, रचली. जागा रिकामी होती. बरंच झालं, आमच्या आवारात ठेवाले जागा नव्हती.

धनराजले दर दोन घंट्यानं कूस बदलवा लागते, नाई तं पाठ सडते. तो काई बोलत नाई. पयले एवढा बोलका होता का मी म्हणे, थोडं तोंडाले कुलूप लाव. आता लावलं.

माझेच हात दुखून राह्यले. कोणापाशी बोलावं?

९ फेब्रुवारी, मंगळवार

दिव्यानी जोरजोरानं पाठ करून राह्यली होती. विज्ञानाचं पुस्तक. "स्थिर वस्तू स्थिरच राहते आणि गतिमान वस्तू सरळ रेषेत एकाच गतीने जात राहते, जोपर्यंत तिच्यावर बाहेरून बल लावले जात नाही." एकच गोष्ट वीस वेळा.

मी म्हटलं, "काय खोटं शिकवतेत वं. ढकललेली वस्तू आपोआपच थांबते. मी जात्याचा खुंटा सोडला का जातं थांबते."

"आपोआप नाई माय. घर्षणानं थांबते. घासते म्हणून."

"घासत नसतं तं?"

"तं फिरतच राह्यलं असतं."

"मंग आणून दे एखादं तसं जातं. तुझा तो पुस्तकवाला दळते का घरी?"

हसली. महिन्याभरानं हसली. मंग म्हणाली, "जसं आहे तसंच राहाची जी खोड असते नं, त्याले जडत्व म्हणतेत."

मी म्हटलं, हे मले माहीत आहे. घरात एक स्थिर वस्तू आहे, तिले मीच हलवते. बाहेरून बल मीच.

तिनं पुस्तक मिटलं. आत बाप ऐकत होता. मले बोलाले नाई पायजे होतं. पण बोलली.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

दिव्यानीनं गिलासावर पोस्टकार्ड ठेवलं, त्यावर रुपया. कार्डाले टिचकी मारली तं कार्ड भुरकन गेलं अन् रुपया गिलासात पडला. मी म्हटलं, हातचलाखी आहे. तिनं परत केलं. मंग मी केलं. माझ्याही हातानं पडला.

"कार्डाले टिचकी लागली माय, रुपयाले नाई लागली. तो जागीच राह्यला."

ती शाळेत गेल्यावर मी आणखी सात-आठ वेळा केलं. भात लागला खाली.

२० फेब्रुवारी, शनिवार

धनराजची औषधं आणाले चंद्रपूरले गेली. येताना एसटी खचाखच. मी दांड्याले धरून उभी. मूल गावाच्या अलीकडं रस्त्यावर म्हैस आली अन् ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. अख्खी गाडी पुढं गेली. म्हणजे गाडी थांबली, माणसं गेली. मी समोरच्या एका म्हाताऱ्याच्या अंगावर. त्याचा डबा, मिरच्याचं बोचकं, सारं पुढं.

कंडक्टर म्हणाला, "बाई, मांडीवर बसाचं तिकीट वेगळं पडते."

सारे हसले. म्हातारासुद्धा. मी नाई हसली. मी उभीच राह्यली. आम्हाले पुढं कोणं ओढलं? कोणीच नाई. गाडीले ब्रेक लागला, आम्हाले नाई लागला. आम्ही चालत होतो तसे चालतच राह्यलो. छकडी थांबली, धनराज नाई थांबला. एवढंच.

जन्मभर एसटीत अन् बंडीत बसली. हजारदा असं झालं असन. कधी डोक्यात घेतलं नाई.

अन् एसटीत कोणी म्हटलं नाई का म्हशीनं करणी केली.

२१ फेब्रुवारी, रविवार

फळीवर दिव्यानीच्या लहानपणचा तान्ह्या पोळ्याचा लाकडाचा नंदी होता, चार चाकाचा. काढला, पुसला. त्याच्या पाठीवर एक लहानसं वांगं ठेवलं. सुतळीनं जोरात ओढला अन् पुढं पाटा आडवा ठेवला. नंदी पाट्याले लागून थांबला, वांगं पाट्यावरून पल्याड गेलं.

दिव्यानी दारात उभी होती. म्हणाली, "माय, हेच जडत्व."

"मले दिसून राह्यलं. तू नाव सांगू नको."

धनराजले दाखवलं. खाटेपाशी नेऊन दोनदा उडवलं. म्हटलं, "पाहा, तुमाले कोणी नाई ओढलं. तुमी आपल्याच वेगानं गेले. बुधरीनं काई नाई केलं."

त्यानं पाहिलं. मंग भिंतीकडं मान फिरवली. मले वाटलं, दुखत असन.

२८ फेब्रुवारी, रविवार

नंदी अन् वांगं घेऊन पारावर गेली. लटारूभाऊ होता, दसरू पुजारी होता, आणखी पाच-सात जण पान खात बसले होते. मी पदर घेतला, पण दाराआड नाई उभी राह्यली. दिव्यानीले बोलाले लावलं. तिनं न्यूटनचा नियम म्हणून दाखवला. मी सुतळी ओढली. वांगं उडालं.

लटारूभाऊ म्हणाला, "हे लाकडाचे बैल होय. लाकडाले करणी लागत नाई."

एक जण म्हणाला, "वांगं भरताचं दिसते." हसणं झालं. दुसरा म्हणाला, "दिव्यानीची माय आता मॅट्रिकले बसते वाटते."

मी थेट लटारूभाऊकडं पाहून म्हटलं, "बंडीचे बैल थांबले तं तुमी पुढं झुकता का नाई?"

त्यानं पानाची पिंक टाकली. दसरू बोलला. तो बावळट नाई, हे मले आज समजलं. तो म्हणाला, "माणूस उडाला ते समजलं, बाई. पण बैल काऊन थांबले? तुझ्याच पोरीनं आता म्हटलं का बाहेरून जोर लागल्याशिवाय चालती वस्तू थांबत नाई. तुझ्या पाट्यासारखं तिथी काय आडवं होतं?"

मी सुतळी गुंडाळाले लागली. म्हटलं, बुजले असतीन.

"कशाले बुजले?"

वांगं उचललं अन् घरी आली. त्याचीच भाजी केली. कडू निघालं.

३ मार्च, बुधवार

काल होळी झाली. आमच्या घरी नाई झाली.

दिव्यानीनं विचारलं, "माय, बैलाईच्या समोर तवा कोण होतं?"

"बुधरी होती. सांगितलं नं."

"आणखी?"

"माणसंच माणसं होती. परीक्षा जवळ आली, तू अभ्यास कर."

ती माझ्याकडं पाहत राह्यली. तिची नजर मले आवडत नाई अलीकडं. शिकवलं का पोरी अशा पाहतेत.

११ मार्च, गुरुवार

अपघातापासून मी बैलाईले ढेप घातली नव्हती, मनच होत नव्हतं. लटारूभाऊची बायको घाले, गोठ्यात, गव्हाणीत. आज ती माहेरी गेली म्हणून मी टोपलं घेऊन अंगणाच्या कोपऱ्यावर उभी राह्यली, पयले राहे तिथीच. लटारूभाऊ वावरातून रिकामी बंडी घेऊन येत होता. बैल घराच्या ओढीनं दौडत होते.

मले पाहून दोन्ही गपकन थांबले.

लटारूभाऊ बंडीच्या पुढच्या धुऱ्यांवर आदळता आदळता वाचला. दांडीवरच्या लुगड्यासारखा लोंबकळला. सावरून हसत म्हणाला, "तुले पाहून थांबतेत साले. टोपलं दिसलं का यांचा पायच उचलत नाई."

तो हसतच बैल सोडाले लागला. त्याले काईच नाई समजलं.

मोऱ्यानं टोपल्यात तोंड घातलं. त्याचा श्वास माझ्या हाताले लागत होता.

१९ मार्च, शुक्रवार

आठ दिवस वही उघडली नाई. आज लिहिते म्हणून बसली अन् तीन वेळा उठली. आता लिहूनच टाकते.

मी शेवटच्या झेंडीपाशी नव्हती. लटारूभाऊच्या बायकोनं सांगितलं होतं का झेंडीच्या पल्याड, लांब उभी राह्य, म्हणजे बैल टोपल्याच्या आशेनं जोरात येतीन. युक्ती माझीच होती, तिनं फक्त जागा सांगितली. पण तिथून जोडी दिसत नव्हती. मले धीर निघत नाई, जन्माची खोड. मी सरकत सरकत अलीकडं आली. झेंडीच्या वीस पावलं अलीकडं. टोपलं डोक्यावर होतं ते खाली हातात घेतलं.

बुधरीबाई माझा दंड धरून म्हणाली होती, "अवो मागं सर, टोपलं पाहून बैल थांबतीन."

मी दंड सोडवला. म्हटलं, "तुमी चूप बसा जी."

हे पुरं. पारावर मी यातले दोनच शब्द सांगितले. मंतर म्हणून सांगितले. मले आठवत नव्हतं असं नाई. दवाखान्यातल्या पयल्या दिवसापासून आठवत होतं. मी ते बाजूले ठेवलं होतं, गिऱ्हाईक आल्यावर दुकानदार किडका तांदूळ पोत्याखाली सरकवते तसं.

२० मार्च, शनिवार

धनराजची कूस बदलवताना सांगितलं. म्हटलं, "बैल मले पाहून थांबले."

तो आढ्याकडं पाहत म्हणाला, "माहीत हाय मले."

"कवापासून?"

"तवापासूनच. मी समोरच पाहत होतो नं. बाजूले हो म्हणून वरडलो बी."

"मंग बैठक झाली तवा सांगितलं काऊन नाई? पारावरचं सारं इथी ऐकू येत होतं."

 मले वाटलं, नेहमीसारखा भिंतीकडं तोंड करते. पण नाई केलं.

"सांगितलं असतं तं लटारूनं तुले घरातून काढलं असतं. मंग माझं हागणं-मुतणं कोणं केलं असतं?"

मी वाट पाहत होती का आणखी काई म्हणन. तुझी दया आली म्हणन. पोरीचा विचार केला म्हणन. नाई म्हणाला. खोटं नाई बोलला, एवढंच त्याच्या नावानं लिहून ठेवते.

दोन घंटे झाले होते. दुसऱ्या कुशीवर वळवला.

२८ मार्च, रविवार

बुधरीबाईच्या भाचीचं गाव शोधत गेली. नदीपल्याड दोन कोस पायी. ती अंगणात मोहफुलं वाळवून राह्यली होती. तोंड आत गेलं आहे. बोलताना ओठावर पदर धरते.

काय बोलावं सुचलं नाई म्हणून पिशवीतून नंदी काढला. वांगं ठेवलं. एक दगड आडवा ठेवून उडवून दाखवलं. एवढी चाळीस वर्षांची बाई मी, तिच्या अंगणात उकिडवी बसून खेळणं ओढून राह्यली होती.

तिनं पुरं पाहिलं. मंग म्हणाली, "हे मले काऊन दाखवतेस?"

"तुमचा दोष नव्हता म्हणून."

"मले मालूम हाय नं माझा नव्हता. बंडी थांबली का माणूस पुढं पडते, हे शेंबड्या पोराले माहीत असते. गावात कोण बंडीत बसलं नाई?"

"मंग त्याइले काऊन नाई समजलं?"

"समजलं होतं. कामाचं नव्हतं."

मी म्हटलं, "तुमी मले मागं सर म्हटलं होतं. टोपलं पाहून थांबतीन म्हटलं होतं. मी अर्धंच सांगितलं."

ती मोहफुलं पसरवत होती. हात थांबला नाई. "इथी सांगून काय होते? इथल्या कोंबड्याइले सांगतेस? तिथी सांग."

"तिथी सांगितलं तं मले घरात ठेवतीन का?"

"मले कोणं विचारलं होतं?"

पाणी नाई विचारलं तिनं. मीही मागितलं नाई. निघाली तं मागून म्हणाली, "वांगं घेऊन जा तुझं."

४ एप्रिल, रविवार

दिव्यानीची परीक्षा सुरू झाली. उद्या विज्ञान. ती तिसरा नियम पाठ करत होती. प्रत्येक क्रियेले तेवढीच प्रतिक्रिया असते अन् ती उलट्या दिशेनं असते. भिंतीले जेवढं ढकललं तेवढीच भिंत तुमाले ढकलते.

मी म्हटलं, "तेवढीच?"

"हो माय. बरोबर तेवढीच."

बुधरीचे दोन दात गेले, घर गेलं. माझं काय गेलं? पुस्तक इथी चुकलं. पण तिच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी कशाले सांगावं.

तिले मी पुरं सांगितलं मात्र. टोपल्याचं. ती म्हणाली, "मले वाटलंच होतं." या घरात साऱ्याइले सारं माहीत होतं. वहीच बावळट होती.

११ एप्रिल, रविवार

पारावर गेली. या वेळी नंदी नाई, वांगं नाई, पोरगी नाई. पदर डोक्यावर होता, तो नाई काढला. तोंड उघडलं तेवढं पुरे.

म्हटलं, "दसरूभाऊ, तुमी विचारलं होतं बैल काऊन थांबले. मी आडवी होती. माझ्या हातात ढेपेचं टोपलं होतं. बुधरीबाईनं मले मागं सर म्हटलं, मी सरली नाई. तिनं मंतर नाई टाकला, शहाणपण सांगितलं. मी तुमाले अर्धं सांगितलं. विश्वास नसन तं आता टोपलं घेऊन उभी राह्यते, बैल सोडा."

 कोणी बैल सोडले नाई. लटारूभाऊचं तोंड पडलं. त्याले तो अंगणातला दिवस आठवला असन, कारण तो बंडीच्या धुऱ्यांकडं पाहाले लागला.

मंग म्हणाला, "झालं ते झालं. आता उकरून काय भेटते? दात परत येतेत का?"

"दात नाई येत. घर येते. तिच्या आवारातली तुमची तनस काढा."

तवा खरा गलका झाला. मले आता समजलं गावाले काय जड जाते. मी नवरा मोडला, हे त्यांनी चटकन पचवलं. तनस काढाचं नाई पचलं. एक जण म्हणाला, एवढी रचलेली तनस कुठी न्यावं? दुसरा म्हणाला, ती म्हातारी येऊन तरी कितीक दिवस जगणार?

अन् दसरू पुजारी हळूच म्हणाला, "जाता जाता बुधरी हिले भुतासारखी धरून गेली. पाहा नं, भासऱ्यासमोर कशी बोलून राह्यली."

तसे सारे माझ्याकडं पाहाले लागले. ती नजर मले ओळखीची आहे. जानेवारीत मी त्या नजरेच्या मागल्या बाजूले उभी होती.

१४ एप्रिल, बुधवार

लटारूभाऊनं आमच्याशी बोलणं सोडलं. घराच्या मधल्या दाराले आतून कडी लावली. बाहेर काढलं नाई अजून. दिव्यानी म्हणते, बाबाले उचलून बाहेर ठेवाले चार माणसं लागतीन, म्हणून ठेवलं असन. पोरगी माझ्यासारखी बोलाले लागली.

आज सकाळी मी एकटीच बुधरीबाईच्या आवारात गेली अन् तनसीचे भारे ओढाले सुरुवात केली. पयला भारा हलता हलत नाई. एकदा निघाला का पुढचे बरे निघतेत. लटारूभाऊच्या गोठ्यापुढं नेऊन टाकले. बावीस भारे काढले, बाकीचे राह्यले. हातभर कुसळं भरली. तो ओसरीत बसून पाहत होता. 

१५ एप्रिल, गुरुवार

रातोरात परत रचले. तेवढेच बावीस. आज परत काढले. दुपारी परीक्षेतून आल्यावर दिव्यानीही आली. शेवटचा पेपर होता. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "दोघींनी लावलं तं बल जास्त होते."

विज्ञानाच्या पेपरात जडत्वाचं उदाहरण विचारलं होतं म्हणे. बाईंनी एसटीचं शिकवलं होतं. हिनं छकडीचं लिहिलं. धुरकऱ्याचं नाव नाई लिहिलं, हे तिनं मले दोनदा सांगितलं.

१८ एप्रिल, रविवार

काल रातच्याले लटारूभाऊनं नाई रचले. थकला का शरमला, मले माहीत नाई. शरमला असन असं लिहावं वाटते, पण मी त्याले पंधरा वर्षांपासून ओळखते.

नदीपल्याडून मोह विकाले आलेल्या एका बाईसंगं बुधरीबाईचा निरोप आला. "तनस काढून राह्यली म्हणून ऐकलं. ओटा सारवून ठेव. येईन का नाई ते मी पाहीन."

शेणानं ओटा सारवला. वाळेपर्यंत तिथीच बाजूले बसली, अन् हे लिहून राह्यली. आता आमच्या गल्लीतली इतवारी पाण्याले गेली समोरून. मागच्या महिन्यापर्यंत माझ्याकडून विरजण नेत होती. मले पाहून कडेवरच्या लेकराचं तोंड पदरानं झाकलं अन् पाय उचलून गेली.

मी तिले हाक नाई मारली. तनसीचे अकरा भारे अजून आवारात आहेत.